खारवट जमिनींचे कोडे उलगडणारे रसायनशास्त्रज्ञ : डॉ. हॅरॉल्ड मॅन

मालेगाव तालुक्यातील एखाद्या बागायतदाराने विहिरीचे किंवा नदीचे पाणी तपासणीसाठी दिले, की परत येणाऱ्या अहवालात सामूच्या शेजारी विद्युत वाहकतेचा एक आकडा असतो. बहुतेकांची नजर त्यावरून घसरून खालच्या शिफारशीकडे जाते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण सांगणारा हा आकडा खरे तर त्या अहवालातील सर्वांत बोलका आकडा होय. शेताला दिलेले गोड पाणीच कालांतराने शेत खारट करू शकते, ही गोष्ट महाराष्ट्रात मोजमापाच्या आधारे मांडणाऱ्यांमध्ये डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्यांना एका खेड्याच्या पाहणीमुळे ओळखतात, चहाच्या व्यवसायातील मंडळी वेगळ्याच कारणाने. नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवरचे त्यांचे काम मात्र तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे.

हॅरॉल्ड हार्ट मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही काही काळ काढला. १८९५ ते १८९८ या काळात ते रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीत संशोधन सहायक होते. या सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर हे नाव भारतीय शेतीला अपरिचित नाही. सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी हिंदुस्थानचा दौरा केला आणि १८९३ साली इथल्या शेतीच्या सुधारणेविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी आहे ही समजूत त्या अहवालाने बरीचशी खोडून काढली. मॅन यांची पुढची वाटचाल पाहता हा वारसा त्यांच्याकडे आला असावा असेच वाटते.

१९०० साली मॅन भारतात आले ते चहासाठी. कलकत्त्याच्या इंडियन टी असोसिएशनने त्यांना वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमले होते. आसामात तेव्हा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य तोडून मळे उभे राहिले होते. पहिली काही वर्षे जंगलाच्या पालापाचोळ्यावर पोसलेली जमीन भरभरून पीक देई. नंतर झाडे रोडावत आणि कीड वाढे. मळेवाल्यांना कीड मारण्याचे औषध हवे होते. मॅन यांनी मात्र आधी माती तपासली. आसामच्या चहाच्या जमिनींवरील त्यांचे लेखन १९०१ मधले आहे, तर सर जॉर्ज वॅट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला चहावरील किडी व रोगांचा ग्रंथ १९०३ मध्ये निघाला. मरियानीजवळ हिलियाका येथे त्यांच्याच काळात प्रयोगक्षेत्र सुरू झाले. पुढे १९११ मध्ये टोकलाई येथे उभ्या राहिलेल्या विख्यात चहा संशोधन केंद्राचे मूळ तेच.

याच सुमारास त्यांनी एक असे काम केले की जे रसायनज्ञाच्या कामात सहसा बसत नाही. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातील रिजमाँट या लहानशा खेड्याची त्यांनी घरोघर पाहणी केली. यॉर्क शहरातील दारिद्र्याचा सीबोम राउनट्री यांनी केलेला अभ्यास १९०१ मध्ये गाजला होता. तीच पद्धत मॅन यांनी खेड्याला लावली. किती कुटुंबे, किती तोंडे, किती कमाई आणि निव्वळ पोटापाण्याला किती लागते, हे मांडून पाहायचे आणि मगच गरिबीविषयी बोलायचे. ही सवय त्यांनी पुढे पुण्याला आणली.

१९०७ साली मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासमोर त्या वेळी जे प्रश्न होते त्यांतील एक नीरा कालव्याचा होता.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालवे काढण्याला वेग आला. भोरजवळच्या भाटघर येथे येळवंडी नदीवर धरण बांधण्यात आले आणि नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. बारामती, इंदापूरच्या कोरडवाहू मुलखाला पाणी मिळाले. दुष्काळात लोकांना तारावे, हा कालव्यामागचा हेतू; पण पाऊस बरा झालेल्या वर्षी ज्वारी-बाजरीला पाण्याची पट्टी भरून पाणी घेणारे थोडे. पाण्याचे पैसे देणारे पीक एकच, ते म्हणजे ऊस. त्यामुळे कालव्याच्या काठी उसाचे फड आणि गुऱ्हाळे वाढली, आणि सरकारी हिशेबात कालव्याला थोडी बरकत दिसू लागली. पाणी एका जागी फार मुरू नये म्हणून पिकांची गटवार विभागणी करणारी ब्लॉक पद्धत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर सुचवली. त्यांची सरकारी नोकरी १८८४ साली नाशिक येथून सुरू झाली होती आणि खानदेशातील पांझरेचे पाणीही त्यांनी हाताळले होते, ही गोष्ट या भागातील वाचकांना सुखावणारी आहे.

तोवर नुकसान सुरू झाले होते. सुरुवातीला उसाचे पीक छातीला लागावे असे येई. मग नाल्याच्या काठच्या, सखल भागातील शेतांत उसाची बेटे विरळ होऊ लागली. उन्हाळ्यात जमिनीवर मिठासारखा पांढरा थर चढे. त्या उसाचा गूळ खारट, काळपट, लवकर पाझरणारा. आणखी काही वर्षांनी तिथे गवतही धड उगवेना. शेतकऱ्यांच्या भाषेत या जमिनींना नेमकी नावे होती : पाणी साचून राहिलेली ती चिबड, पांढरी फुटलेली ती खारवट आणि ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी होणारी ती चोपण. तीन शब्दांत आजाराच्या तीन अवस्था सांगितल्या गेल्या आहेत. पुस्तकी परिभाषा त्यांच्या फार पुढे गेलेली नाही.

उत्तर हिंदुस्थानात हा आजार आधीच माहीत होता. यमुना कालव्याच्या भागातील रेह नावाच्या क्षारामुळे ओसाड झालेल्या जमिनींसाठी १८७७ मध्ये सरकारी समितीही बसली होती. दख्खनची गोष्ट मात्र वेगळी वाटे. इथे उताराची जमीन, खाली मुरूम आणि काळा पाषाण, वर डोंगरातून आलेले गोड पाणी. अशा ठिकाणी मीठ येणार कोठून?

मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील जमिनी तपासल्या. या कामावरील त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. दख्खनच्या खडकाची झीज होताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार मोकळे होतात आणि कोरड्या हवेत ते जमिनीच्या पोटातच राहतात. एरवी ते खोल असल्याने त्यांचा उपद्रव नसतो. कालव्यातून झिरपणारे आणि उसाला वारेमाप दिले जाणारे पाणी जमिनीत मुरले, की भूजलाची पातळी वर चढते आणि चढताना हे क्षार बरोबर घेऊन येते. पातळी मुळांच्या जवळ आली की वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागाकडे ओढले जाते. ऊन पाण्याला नेते. मीठ मागे उरते. औषध त्यामुळे वरून टाकण्याचे नव्हते. साचलेल्या पाण्याला खालून वाट करून देणे, म्हणजे निचऱ्याचे चर खणणे, हा त्यावरचा खरा उपाय ठरत होता.

निष्कर्ष साधा असला तरी तो अडचणीचा होता. ज्या पाण्याच्या विक्रीवर कालव्याचे उत्पन्न अवलंबून, तेच पाणी जमिनीला मारत आहे, असा त्याचा अर्थ होता. शिवाय नुकसान होते ते बहुधा खालच्या शेतकऱ्याचे. वरच्याने पाणी जास्त सोडले, तर पांढरी फुटे ती सखलातल्या शेजाऱ्याच्या रानात. चर खणायचा तर तो एकट्याच्या शेतात खणून भागत नाही. नाल्यापर्यंत सगळ्यांच्या बांधांतून न्यावा लागतो. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनाच्या अभ्यासासाठी एक विशेष विभाग स्थापन केला आणि क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याचे काम पुढे गेले. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ती हीच. तिचा जन्म नदीवरच्या भव्य धरणांच्या प्रतिकृती करण्यासाठी झाला, असा अनेकांचा समज असतो.

मॅन यांच्या काळात क्षार मोजायचे म्हणजे पाणी आटवायचे, तळाशी उरलेला साका तोलायचा आणि त्यातील एकेक घटक वेगळा काढायचा, अशी प्रयोगशाळेतली सावकाश रीत होती. एका नमुन्यावर बराच वेळ जाई. दुसरी, झटपट रीत जगात अवतरली होती, पण ती अजून शेताच्या बांधावर आलेली नव्हती. तिचे जनक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख कोलराउश. बारावीच्या रसायनशास्त्रात ज्यांचा नियम शिकवला जातो ते हेच. शुद्ध पाणी विजेला जवळपास वाहूच देत नाही. विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण तेवढे वीज वाहून नेतात. तेव्हा पाण्यातून वीज किती सहज जाते हे मोजले की क्षार किती हे कळते. एकाच दिशेचा प्रवाह सोडला तर धातूच्या पट्ट्यांवर थर साचून मापन बिघडे. कोलराउश यांनी दिशा पालटत राहणारा प्रवाह वापरून ही अडचण दूर केली. अमेरिकेच्या शेती खात्यात मिल्टन व्हिटनी यांनी १८९७ मध्ये हीच युक्ती मातीतील क्षारांसाठी वापरली. कोलराउश १९१० मध्ये वारले, म्हणजे नीरेच्या जमिनींवरील पुस्तिका निघाली त्याच वर्षी.

आज खिशात मावणारे उपकरण पाण्यात बुडवले की काही क्षणांत आकडा मिळतो. एकक आहे मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. पावसाचे पाणी काही दहांमध्ये असते, तर समुद्राचे पन्नास हजारांच्या आसपास. पाणी तापले की वाहकता वाढते, अंशामागे सुमारे दोन टक्के. म्हणून आकडा २५ अंश सेल्सियसला आणून वाचायचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाच्या पाण्यासाठी २,२५० ही कमाल मर्यादा आहे. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिंचनाच्या पाण्याचे वर्ग पाडले, त्यातही हाच आकडा अतिक्षारयुक्त पाण्याची सीमा म्हणून आलेला आहे.

मर्यादेच्या आत म्हणजे निर्धास्त, असे मात्र नाही. ५०० मायक्रोसिमेन्सचे पाणी चांगलेच म्हणावे लागेल. त्याच्या एका लिटरमध्ये अंदाजे ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला पाटाने पाणी देताना हंगामात दोन मीटर उंचीइतके पाणी लागते असे धरले, तर हेक्टरी वीस हजार घनमीटर पाण्याबरोबर शेतात ६.४ टन क्षार येतात. जाताना पाणी हवेत जाते, क्षार नाही. निचरा होत असेल तर पावसाळ्यात ते धुपून जातात. होत नसेल तर साठत राहतात. मॅन यांच्या निचऱ्याच्या आग्रहामागचा हिशेब हा असा आहे.

नीरेकाठच्या या कथेचे मालेगावशी नाते नावापुरते नाही. तसे नावाचे साम्यही आहेच, कारण नीरा डाव्या कालव्यावर बारामती तालुक्यात एक माळेगाव वसलेले आहे आणि तिथेही साखर कारखाना उभा राहिला. कळवण तालुक्यात गिरणेवर बांधलेले चणकापूर धरण १९११ मध्ये पूर्ण झाले. नीरेचा धडा हाती आला तेव्हाच गिरणेचा पाट मालेगावकडे निघत होता. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावला साखर कारखाना सुरू केला. पुढे दाभाडीलाही कारखाना झाला. जमीन तीच काळी, खडक तोच, पीक तेच. फरक होता तो जुन्या व्यवस्थेचा. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धती नांदत होती. लहानसा बंधारा, त्यातून निघणारा पाट, लाभक्षेत्राचे तीन-चार फड आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक याचा गावाने मिळून घेतलेला निर्णय. पाणी वाटायला पाटकरी असे आणि पिकावर देखरेख ठेवायला जागल्या. फडाच्या टोकाला उरलेले पाणी पुन्हा नदीत उतरे, आणि बारमाही पीक एकाच जागी वर्षानुवर्षे ठेवले जात नसे. निचरा हा शब्द न वापरताही निचऱ्याची सोय त्यात होती. विश्वेश्वरय्यांच्या ब्लॉक पद्धतीत आणि फडात जे साम्य दिसते, ते अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

गिरणा आणि मोसम यांचे पाणी ज्या डोंगरांतून येते ते कळवण, सुरगाणा आणि बागलाणचे. साग, ऐन, धावडा, खैर यांची ही पानझडी वने. उष्ण कटिबंधातील कोरड्या वनांचा हा नमुना. मॅन यांनी जमिनीविषयी जे सांगितले त्याची दुसरी बाजू इथे दिसते. वनातील मातीत मुरलेले पाणी झाडांची मुळे आणि पालापाचोळा यांच्या चाळणीतून सावकाश ओढ्यात येते. क्षार, विशेषतः नत्र आणि कॅल्शियम, झाडे शोषून घेतात आणि पानगळीतून पुन्हा मातीला देतात. झाडे तोडली, वणवे लागले, राख वाहून आली, की हे चक्र तुटते आणि मातीतले पोषण ओढ्यात उतरते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक येथे १९६५ मध्ये एका ओढ्याचे सारे पाणलोट मुद्दाम वृक्षहीन करण्यात आले, तेव्हा त्या ओढ्यातील नायट्रेट व कॅल्शियम कित्येक पटींनी वाढले. तो प्रदेश थंड हवेचा आहे; उष्ण प्रदेशात, जिथे चार महिन्यांत वर्षाचा पाऊस कोसळतो, तिथे धूप अधिक वेगाने होणे स्वाभाविक आहे.

म्हणून वनातून निघणाऱ्या ओढ्याची वाहकता नियमितपणे मोजणे हा राखणदारीचा स्वस्त मार्ग ठरतो. पावसाळ्यात ती उतरते, उन्हाळ्यात पाणी आटत जाते तशी चढते. ही चढउतार दरवर्षीची. एकदा तिची नोंद हाती असली, की अवेळी झालेली वाढ लगेच ध्यानात येते. डोंगरात एक, धरणाखाली एक, शहराच्या वर एक आणि खाली एक असे आकडे शेजारी ठेवले, तर नदीत कोठे काय मिसळले याचा माग लागतो. मालेगावच्या मधून वाहणाऱ्या मोसमबाबत वेगळे सांगायची गरज नाही. शहराचे सांडपाणी पोटात घेऊनच ती गिरणेला मिळते.

या आकड्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. क्षार किती हे तो सांगतो, कोणता हे नाही. गढूळ मातीचा, कीटकनाशकाचा किंवा रोगजंतूंचा त्याला पत्ता लागत नाही, आणि जंगलतोडीनंतर पहिल्यांदा वाहते ती मातीच. चोपण जमिनीचे मूळ असलेले सोडियम जास्त आहे की निरुपद्रवी कॅल्शियम, हे कळायला आजही पृथक्करण करावे लागते. मॅन-ताम्हाणे यांची सावकाश रीत पूर्णपणे निवृत्त झालेली नाही ती यामुळे.

पाण्याचे कुतूहल मॅन यांना इतरत्रही घेऊन गेले. अचानक प्रकट होऊन काही काळाने लुप्त होणाऱ्या राजापूरच्या गंगेचा त्यांनी एस. आर. परांजपे यांच्यासह अभ्यास केला. भाविकांच्या श्रद्धेला धक्का न लावता भूगर्भातील पाण्याचे गणित मांडण्याचा तो प्रयत्न होता. पुण्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांच्या राहणीचीही त्यांनी १९१२ च्या सुमारास पाहणी केली. सरकारी रसायनज्ञाने हे करावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचे. खडकीच्या कारखान्यांपासून जवळ असलेले हे गाव त्यांनी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, ताम्हाणे आदी सहकाऱ्यांसह शेतन् शेत, घरन् घर तपासले आणि १९१७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १७७१ साली इथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली होती. १५६ जमीनमालकांची शेते ७२९ तुकड्यांत विभागली होती आणि त्यांतील ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. पोट भरायला शेती पुरत नाही आणि बहुतेक कुटुंबे कर्जात आहेत, हे अनुमान पुढची अनेक दशके धोरणकर्त्यांना छळत राहिले. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास निघाला. पहिले गाव शहराच्या सावलीतले, दुसरे कोरडवाहू आणि शहरापासून दूर. म्हणून ही जोडी मुद्दाम निवडलेली. आज पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवडमधील उंच इमारतींचे उपनगर आहे. एकराहून लहान असलेल्या त्या तुकड्यांच्या किमती मॅन यांना स्वप्नातही दिसल्या नसत्या.

या सगळ्या पुस्तकांवर हिंदी सहकाऱ्यांची नावे मॅन यांच्या बरोबरीने छापलेली आहेत. त्या काळच्या सरकारी खात्यांचा रिवाज पाहता याची नोंद घ्यायला हवी. त्यांतले कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनातील अग्रणी झाले. सोलापूरचे काम त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. नीरेच्या कालव्याच्या परिसरात १९३२ साली पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. ऊस आणि जमीन यांचा तोल कसा राखावा, हा प्रश्न तोवर कोणालाच टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

मॅन पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले आणि १९२७ पर्यंत त्या पदावर राहिले. संचालकाचे टेबल त्यांना फार मानवले असावे असे वाटत नाही. त्यांच्या नावावरची मोठी कामे त्याआधीची किंवा त्यानंतरची आहेत. निवृत्तीनंतर काही काळ निजाम सरकारला सल्ला देऊन ते इंग्लंडला परतले आणि १९२८ मध्ये वोबर्न येथील प्रयोगक्षेत्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. इथे १८७६ पासून त्याच शेतात दरवर्षी गहू आणि सातू घेण्याचा प्रयोग चालू होता. अमोनियम सल्फेट हे खत वर्षानुवर्षे मिळालेले वाफे आम्ल होऊन नापीक झाले होते. नीरेकाठी पाण्याने जे केले, ते इथे खताने केले होते. दोन्ही ठिकाणी जमीन बिघडली ती तिच्यासाठी चांगले म्हणून दिलेल्या गोष्टीमुळे, आणि दोन्ही ठिकाणी ते उघड झाले ते वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळे. चहाच्या तज्ज्ञाची त्यांची ओळखही पुसली गेली नव्हती. आफ्रिकेतील न्यासालँड आणि टांगानिका इथल्या चहाविषयी त्यांनी १९३० च्या दशकात अहवाल दिले.

वोबर्नचे काम त्यांनी १९५६ पर्यंत, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे आणखी एक पुस्तक मुंबईत भारतीय कृषी अर्थशास्त्र परिषदेने प्रसिद्ध केले होते. विषय होता १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ. भारत सोडून अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर दख्खनच्या पर्जन्यमानाच्या जुन्या वह्या चाळत बसलेला हा वृद्ध गृहस्थ नेमके काय शोधत होता, ते पुस्तकाच्या विषयावरूनच कळते : इथला शेतकरी कोणत्या पावसात तगतो आणि कोणत्यात मोडतो.

१९६१ मध्ये डॉ. मॅन यांचे निधन झाले. त्यांचे लेखन वेगवेगळ्या नियतकालिकांत आणि सरकारी पुस्तिकांत विखुरलेले होते. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल थॉर्नर यांनी त्यातील शेती व ग्रामजीवनाविषयीचे निबंध संपादित केले आणि १९६७ मध्ये तो संग्रह मुंबईहून प्रकाशित झाला. क्षारांवरील पुस्तिका मात्र जुन्या ग्रंथालयांच्या कपाटातच राहिली. कृष्णाकाठी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत दरम्यान हजारो हेक्टर बागायत खारवट होऊन गेली, आणि जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून पाणी काढण्याची कामे त्या भागात हाती घ्यावी लागली.